कांदिवलीहून आंबोलीला: वर्षावनातली पहिली मोहीम

बोर्निओला किंवा ॲमेझॉनला जाऊ इच्छिणारे लोक भेटले की पहिला प्रश्न सामानाचा असतो. बूट कुठले, लेन्स कुठली, लसी कुठल्या. त्यांना मी आधी भर पावसाळ्यात चार-पाच दिवस आंबोलीत राहून यायला सांगतो. कांदिवलीहून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या या गावात जळवा आहेत, दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस आहे, समोरचं झाड गिळून टाकणारं धुकं आहे आणि या परिसराबाहेर फारसे कुठे न सापडणारे बेडूक आहेत. दूरच्या वर्षावनात शरीराची आणि धीराची जी परीक्षा होते ती इथेही होते. फरक एवढाच की इथे काही बिनसलं तर दुसऱ्या दिवशी घरी पोहोचता येतं.

आंबोलीचं जंगल बोर्निओसारखं बारमाही ओलं नाही, हे आधीच सांगायला हवं. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर वसलेल्या या गावात वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळपास तिप्पट. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले महिने झाडांना साठवलेल्या ओलीवर काढावे लागतात. म्हणून इथलं जंगल सदाहरित आणि निमसदाहरित यांच्या सीमेवरचं आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा ही झाडं वाऱ्यापावसाने फार उंच होत नाहीत. सह्याद्रीत जसजसं दक्षिणेला जावं तसतसा कोरडा काळ आखूड होत जातो. आगुंबे, सायलेंट व्हॅली, अनमलाई इथली झाडी त्यामुळे अधिक उंच आणि अधिक दाट. पहिल्यांदा जाणाऱ्याला मात्र आंबोलीचं हे ठेंगणेपण उपकारक ठरतं. बोर्निओत पन्नास मीटर वर जे घडतं ते मान मोडेपर्यंत बघूनही दिसत नाही. इथे बरंचसं जीवन डोळ्यांच्या उंचीवर असतं.

तयारी घरापासून

कांदिवली पूर्वेला ठाकूर व्हिलेज किंवा लोखंडवाला टाऊनशिपमध्ये राहणाऱ्यांच्या मागच्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं हे जंगल मुख्यतः पानगळीचं आहे, वर्षावन नाही. तरीही जूननंतर ते असं हिरवंगार होतं की पावसातल्या जंगलाची सवय लावून घ्यायला याहून सोयीची जागा मुंबईत नाही. बोरिवलीचं मुख्य प्रवेशद्वार एका स्टेशनाच्या अंतरावर आहे. सोमवारी उद्यान बंद असतं. शिलोंड्यासारख्या पायवाटांवर परवानगी घेऊन, जाणकार माणसाबरोबरच जायचं असतं, आणि ते योग्यही आहे. गोरेगावच्या फिल्मसिटीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्गशिक्षण केंद्र आहे. १८८३ पासून काम करणाऱ्या या संस्थेच्या पावसाळी भटकंतीला निघण्यापूर्वी एक-दोनदा तरी जा. बेडूक, कोळी, बुरशी यांची नावं आणि वागणूक तिथे माणसांकडून शिकता येते. पुस्तकातून ते काम निम्मंच होतं.

या फेऱ्यांत सराव कशाचा करायचा हे महत्त्वाचं. दम वाढवणं हे दुय्यम आहे. दोनशे मीटर वाट चालायला पूर्ण एक तास लावायचा, हा खरा सराव. सुरुवातीला अस्वस्थ वाटतं. ताडोब्यात किंवा कान्ह्यात जिप्सीतून वाघ पाहिलेल्यांचा डोळा दूरच्या हालचालीला सरावलेला असतो. वर्षावनात नजर हातभर अंतरावर ठेवावी लागते. पानाची खालची बाजू, खोडावरची भेग, फांदीचं टोक, दगडाखालची ओल. उद्यानात बांबूच्या बेटाजवळ हिरवा चापडा हा साप असतो. जाणकार सोबत असेल तर तो बोट दाखवल्यानंतरही तुम्हाला बराच वेळ दिसणार नाही आणि दिसल्यावर इतका वेळ कसा दिसला नाही याचं नवल वाटेल. डोळ्यांना हे वळण लागण्याआधी आंबोलीला गेलात तर पहिले दोन दिवस वाया जातात.

दुसरा सराव कानाचा. पावसाळी संध्याकाळी कुठल्याही डबक्याशेजारी दहा मिनिटं डोळे मिटून उभं राहा आणि किती वेगवेगळे आवाज येतात ते मोजा. सुरुवातीला सगळा एकच कल्लोळ वाटतो. हळूहळू त्यातून एकेक आवाज सुटा होतो, मग तो कुठल्या दिशेने आणि किती उंचीवरून येतो हे कळतं. जंगलात रात्री बेडूक शोधायचा तो असाच. आवाज आधी, टॉर्च नंतर. आणि जे बूट आंबोलीला न्यायचे ते याच फेऱ्यांत पूर्ण भिजवून घ्या, म्हणजे ते कुठे घासतात ते घराजवळच कळेल.

कधी जावं

काय पाहायचं आहे त्यावर महिना ठरतो. आंबोली भेक पाहायचा असेल तर जूनचे पहिले जोरदार पाऊस गाठावे लागतात. २००९ साली शास्त्रज्ञांनी स्वतंत्र जात म्हणून नोंदवलेला, झँथोफ्रायनी टायग्रिना या शास्त्रीय नावाचा हा लहानसा प्राणी जांभ्या दगडाच्या सड्यावर राहतो आणि पाऊस सुरू होताच मोठ्या संख्येने विणीसाठी बाहेर येतो. कातळातल्या बोटभर खोल डबक्यांत त्याची अंडी असतात. अत्यंत संकटग्रस्त जातींमध्ये त्याची गणना होते. त्याला पाहायला जाताना एक गोष्ट मनात कोरून ठेवा. सड्यावर जे डबकं रिकामं दिसतं ते बहुधा रिकामं नसतं. त्यात पाऊल पडलं किंवा गाडीचं चाक गेलं की एका जोडीची वर्षाची वीण संपते. सड्यावर गाडी घालणाऱ्या गटाबरोबर कधीही जाऊ नका, आधीच पैसे भरले असले तरी.

जुलैत पाऊस इतका असतो की कॅमेरा बाहेर काढणं कठीण होतं, पण जंगलाचा खरा स्वभाव याच महिन्यात कळतो. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हा पहिल्या मोहिमेसाठी माझ्या मते सर्वांत चांगला काळ. पावसाला उघडीप मिळते, बेडूक आणि साप दोन्ही दिसतात, सड्यावर रानफुलं येतात. फक्त गणपतीच्या आसपासचे पंधरा दिवस टाळा. त्या काळात कोकणात जाणाऱ्या गाड्यांवर आणि गावातल्या घरांवर पहिला हक्क चाकरमान्यांचा. जुलै-ऑगस्टमधले शनिवार-रविवारही टाळा. घाटातल्या मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते. सोमवारी पोहोचून शुक्रवारी निघावं.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पक्षी छान दिसतात. मलबारी कर्णा, धनेश, शीळकरी कस्तुर, शिवाय झाडावर शेकरू. पण त्या काळातला एक धोका मुंबईकरांना सहसा माहीत नसतो, तो म्हणजे माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखलेला हा विषाणूजन्य आजार गोचिडांमार्फत पसरतो, आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत, त्याचे रुग्ण आढळले आहेत. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे. त्या महिन्यांत गेलात तर पालापाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, संध्याकाळी अंगावर गोचीड शोधा, आणि मेलेलं माकड दिसलं तर त्याच्या जवळ न जाता गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला किंवा वनरक्षकाला लगेच कळवा. त्या एका निरोपामुळे गावातल्या माणसांचे जीव वाचू शकतात.

जाण्याची सोय

कांदिवलीहून सावंतवाडी सुमारे पाचशे किलोमीटर. कोकणकन्या रात्री सुटते आणि सकाळी सावंतवाडीला पोहोचते, ती पकडायला दादर किंवा ठाणे गाठावं लागतं. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्रीच्या सुमारास निघते. ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे-मडगाव एक्सप्रेस आठवड्यातून दोनदा बोरिवली-वसईमार्गे धावते. सामान घेऊन पूल चढायचा नसेल तर पश्चिम उपनगरातल्यांना ती सोयीची. मात्र ती दिवसभराचा प्रवास करून अंधार पडल्यावर पोहोचते. अशा वेळी रात्र सावंतवाडीतच काढा. पावसात, धुक्यात, रात्री आंबोली घाट चढण्याचं काहीच कारण नाही. तिथे दरडी कोसळतात आणि रस्त्यावर गवे उभे असतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या जाणूनबुजून हळू चालवल्या जातात, तेव्हा परतीच्या दिवशी लगेच कामावर हजर व्हायचं ठरवू नका. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. सावंतवाडीहून आंबोली तीसेक किलोमीटर; बेळगाव आणि कोल्हापूरकडे जाणाऱ्या एसटी तिथूनच जातात.

गटात सहापेक्षा जास्त माणसं नकोत. अरुंद वाटेवर पहिल्या तिघांना जे दिसतं ते सातव्याला दिसत नाही, आणि सातवा येईपर्यंत पहिल्याचा बेडूक निघून गेलेला असतो. सोबत स्थानिक वाटाड्या हवाच. आंबोलीत मलबार नेचर कन्झर्वेशन क्लबच्या कार्यकर्त्यांनी अनेक वर्षं निसर्गनिरीक्षणाचं काम केलं आहे, आणि आंबोली-चौकुळातली बरीच तरुण मुलं आता या कामात तयार झाली आहेत. वाटाड्या निवडताना तो काय काय दाखवेल हे विचारू नका. एखादा साप सापडला नाही तर काय कराल, असं विचारा. फांद्या हलवून, दगड उलटून किंवा साप हातात धरून दाखवायची तयारी जो दाखवेल, त्याला नम्रपणे नकार द्या.

राखीव वनात विनापरवाना शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे, आणि रात्री तर हा प्रश्न जास्तच गंभीर. आंबोलीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन कुठे, किती वाजता, किती जण जाणार हे सांगून परवानगी घ्या. जंगलाबाहेरची जमीन मोकाट आहे असंही समजू नका. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. स्वतःच्या वहिवाटीच्या जमिनीसाठी गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले आहेत. अशा गावात शहरातली माणसं टॉर्च घेऊन कुणाच्याही आवारात शिरली की मनं दुखावतात. ज्यांच्या घरी उतराल त्यांना विचारा, वाटेत भेटणाऱ्या म्हाताऱ्या काका-काकूंना आधी तुम्हीच राम राम करा, कुठून आलात आणि काय बघताय ते सांगा. कुठल्या ओहोळावर काय दिसतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

बरोबर काय न्यावं

महागड्या जंगलबुटांपेक्षा गुडघ्याखालपर्यंतचे साधे रबरी गमबूट बरे. वाटेत पाणी असतंच आणि कापडी बूट एकदा भिजला की पाच दिवस वाळत नाही. जीन्स घरी ठेवा. पटकन वाळणारी विजार, पूर्ण बाह्यांचे शर्ट, आणि रोज एक याप्रमाणे कोरडे मोजे प्लास्टिकमध्ये बांधून. फोटो काढणाऱ्यांना पोंचोपेक्षा छत्री उपयोगी पडते, कारण दुसऱ्याने ती कॅमेऱ्यावर धरता येते. डोक्याला बांधायची टॉर्च आणि हातातली टॉर्च अशा दोन हव्यात, जादा बॅटऱ्यांसह. पावसात वीज दिवसभर जाऊ शकते, म्हणून पॉवर बँक. कॅमेरा झिपलॉक पिशवीत सिलिका जेलबरोबर. घाटावर रात्री गारठा असतो, एक उबदार कपडा पुरतो. शिट्टी, वही, आणि पाण्यात न पसरणारी पेन्सिल. एवढंच.

औषधांबद्दल थोडं अधिक. कापूर, हळद यांच्या भरवशावर राहू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण जळू चावली की तिच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त लवकर गोठत नाही. पायाला जखम असेल तर ओढ्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिस मुंबईत जसा साचलेल्या पाण्यातून होतो तसा कोकणातही होतो. त्यासाठी प्रतिबंधक गोळी घ्यावी की नाही हे डॉक्टर ठरवतील. आणि घरी परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर कांदिवलीच्या डॉक्टरांना आपणहून सांगा की सिंधुदुर्गाच्या जंगलात जाऊन आलो आहोत. पावसाळ्यात मुंबईत ताप म्हटला की पहिला संशय डेंग्यू आणि मलेरियावर जातो. लेप्टो, माकडताप, स्क्रब टायफस यांच्या तपासण्या वेगळ्या असतात आणि डॉक्टरांना प्रवास माहीत नसेल तर त्या मागे पडतात.

जळवांना घाबरून जाऊ नका. आंबोलीत त्या असणारच. विजार मोज्यांत खोचावी, शक्यतो जळवांसाठीचे घट्ट विणीचे लांब मोजे घालावेत. चिकटलेली जळू ओढू नये, तिच्यावर मीठ टाकू नये किंवा काडी लावू नये. तसं केलं की ती पोटातलं द्रव जखमेत ओकण्याचा धोका असतो. नख त्वचेला घासत तिच्या तोंडाखाली सरकवलं की ती सुटते. जखम साबणाने धुऊन दाबून धरा, थोडा वेळ रक्त वाहील, ते थांबतं. हातापायाला डासांचं मलम लावायचं असेल तर ते लावलेल्या हातांनी कुठल्याही बेडकाला किंवा डबक्याला स्पर्श करू नका. बेडूक कातडीतून श्वास घेतो आणि पाणी शोषतो. आपल्या हातावरचं रसायन त्याच्या अंगात जातं. तेच रसायन कॅमेऱ्याचं प्लास्टिकही विरघळवतं.

सापाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आंबोलीत रात्री ज्याला सगळे शोधतात तो मलबारी चापडा विषारी आहे. त्याचे रंग हिरव्यापासून तपकिरी-पिवळ्यापर्यंत कितीतरी प्रकारचे असतात, आणि एकाच फांदीवर तो दिवसेंदिवस भक्ष्याची वाट पाहत बसतो. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी बनवलेली आहे. चापड्याच्या दंशावर ती लागू पडत नाही. चापड्याचा दंश सहसा जिवावर बेतत नाही, पण सूज आणि वेदना तीव्र असतात. त्यामुळे झाडाला, फांदीला, कठड्याला आधार म्हणून हात लावताना आधी त्यावर टॉर्च मारा, प्रत्येक वेळी. दंश झालाच तर अंगठी, घड्याळ, कडं काढा, हात किंवा पाय न हलवता खपच्चीला बांधा, आवळपट्टी लावू नका, जखम कापू किंवा चोखू नका, साप पकडण्याच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करून सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघा; गंभीर रुग्णांना तिथून गोव्यातल्या बांबोळीला पाठवतात. चापडा होता की दुसरा कुठला साप, हे शांतपणे डॉक्टरांना सांगा. लांबून काढलेला फोटो असेल तर दाखवा. आंबोलीच्या काही भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून कुठे रेंज येते हे पहिल्याच दिवशी वाटाड्याकडून समजून घ्या. पहाटे आणि संध्याकाळी अस्वलाची शक्यता असते. चौकुळ परिसरात माणसांवर हल्ले झाले आहेत. एकट्याने वाट सोडून जाऊ नये.

जंगलात

पहिल्या दिवशी काहीही शोधू नका. मुक्कामाच्या घराच्या आवारात, कुंपणाच्या दगडांवर, पन्हाळीखालच्या पाण्यात काय आहे ते पाहा. पुढच्या चार दिवसांसाठी एक छोटा तुकडा निवडा: एखादा ओहोळ, त्याच्या काठची पन्नास-साठ मीटर झाडी आणि जवळचा कातळ. त्याच तुकड्यात सकाळी, संध्याकाळी आणि रात्री परत परत जा. वाटाड्याला हे आधी सांगून ठेवा, कारण पाहुण्यांना रोज नवी जागा दाखवायची त्याला सवय झालेली असते. पहिल्या रात्री तिथे तुम्हाला चार जीव दिसतील, शेवटच्या रात्री त्याच जागी कितीतरी जास्त. जंगलात वाढ झालेली नसते. तुमच्या डोळ्यांना तिथलं नेहमीचं रूप पाठ झालेलं असतं, म्हणून त्यातलं वेगळं चटकन दिसतं.

एकाच जागी ठाण मांडण्याचं मोल जुन्या लोकांना ठाऊक होतं. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५५ मध्ये बोर्निओत सिमुंजनच्या कोळसा खाणीजवळ कित्येक महिने राहिला आणि तिथेच त्याने किड्यांचा प्रचंड संग्रह केला. बोटांमधल्या रुंद पडद्यांच्या आधाराने झाडावरून तरंगत खाली येणारा बेडूक त्याला तिथेच मिळाला, एका चिनी कामगाराने आणून दिला. त्याच कुळातला आपला मलबारी उडता बेडूक आंबोलीत जून-जुलैत पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर भेटतो. हिरवाकंच, बोटांमध्ये नारिंगी-लाल पडदे. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून पांढऱ्या फेसाचं घरटं बनवते आणि त्यात अंडी घालते. काही दिवसांनी घरटं मऊ पडून पिल्लं खाली पाण्यात टपकतात. फेसाचा तो गोळा दिसला तर वर बघा, खालीही बघा. त्याच्याखालचं डबकं कोरडं असेल किंवा त्यात कुणी प्लास्टिक टाकलं असेल, तर ती वीण फुकट जाणार. कचरा उचलता येतो. तेवढं करा, घरट्याला हात लावू नका.

बेडकांच्या जगण्याच्या तऱ्हा हीच आंबोलीची खरी श्रीमंती आहे असं मला वाटतं, आणि माणसं मात्र सापांच्या फोटोंमागे धावतात. २०१४ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी आंबोलीतून नोंदवलेला इंडिराना चिरावासी जांभ्या दगडांच्या चिरांमध्ये राहतो. या गटातल्या बेडकांची पिल्लं डबक्यात राहत नाहीत. ओल्या कातळावरून सतत झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ पदरात ती दगडाला चिकटून असतात. पावसाने भिजलेल्या उभ्या कातळावर टॉर्च तिरपी धरा, काळपट शेपट्या हलताना दिसतील. आंबोलीचं नाव धारण केलेला छोटा झुडूपबेडूक तर पाण्याकडे जातच नाही. त्याच्या गटात अंड्यातून शेपटीवाली पिल्लं न येता थेट इवले बेडूकच बाहेर पडतात. आणि पालापाचोळ्याखालच्या मातीत देवगांडूळ असतं. दिसायला गांडुळासारखं, पण कणा असलेलं, बेडकांचं भाऊबंद. त्यातली एक जात २००३ साली आंबोलीतूनच जगाला कळली, आणि भारतीय उभयचर-सरपटणाऱ्यांवर आयुष्यभर काम केलेल्या जे. सी. डॅनियल यांचं नाव तिला दिलं गेलं. देवगांडूळ शोधण्यासाठी माती उकरायची नाही. जोरदार पावसानंतर रस्त्यावर आलेलं दिसलं तर नशीब. गाडीखाली जाऊ नये म्हणून ओल्या पानावर घेऊन, ज्या दिशेला चाललं होतं त्याच बाजूला सोडावं.

रात्री एकदा तरी सगळ्या टॉर्च बंद करा. वीस-पंचवीस मिनिटं बोलू नका, मोबाइलही नको. नशिबाने कुजक्या लाकडावर उजळणारी बुरशी दिसू शकते. ती दिसली नाही तरी अंधारात जंगल वेगळंच ऐकू येतं.

फोटो काढताना एका प्राण्यासाठी वेळेची मर्यादा ठरवून घ्या. पाच मिनिटं पुष्कळ झाली. विणीत गुंतलेल्या बेडकांवर फ्लॅशचा मारा करू नका. आवाज थांबला की समजा आपण फार जवळ आलो आहोत, मागे सरका. फांदी वाकवून चापड्याला 'चांगल्या' पार्श्वभूमीवर आणणं म्हणजे त्याची शिकारीची जागा मोडणं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ संरक्षित प्राण्यांना पकडायला मनाई करतो हे खरं, पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट अशी की आपण पाहुणे आहोत.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाकडे जाल तेव्हा तिथल्या कुंडात पाय बुडवू नका, साबण लावू नका. २०२० मध्ये याच पाण्यातून शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा रंगीत मासा नोंदवला गेला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने त्याच्या अधिवासाला, सुमारे २.११ हेक्टर परिसराला, जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. उगमापाशी मंदिर आहे म्हणून गावकऱ्यांनी ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ राखलं. मासा टिकला तो त्यांच्यामुळे.

परत आल्यावर

आंबोलीहून निघण्याआधी बूट चिखल निघेपर्यंत घासून धुवा, आणि पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही जंगलात वापरू नका. जगभर बेडकांचा संहार करणाऱ्या कायट्रिड बुरशीचा संसर्ग उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांतही आढळला आहे, आणि ओल्या बुटांतून ती एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. कांदिवलीहून दर शनिवारी वेगळ्या जंगलात जाणाऱ्या माणसाने तर हा नियम काटेकोर पाळायला हवा.

त्याच रात्री किंवा गाडीत वही पुरी करा. तारीख, वेळ, पाऊस होता की उघडीप, जमिनीपासूनची उंची, किती वेळ पाहिलं, काय करत होता. नाव माहीत नसलं तरी या गोष्टी लिहा. नाव नंतरही कळतं, त्या क्षणीची वागणूक नंतर कळत नाही. फोटो आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी टाकले तर अभ्यासक ओळख पटवायला मदत करतात, आणि संकटग्रस्त जातींचं नेमकं ठिकाण तिथे आपोआप झाकलं जातं. इन्स्टाग्रामवर मात्र तसं होत नाही. तिथे 'आंबोलीजवळ अमुक ओहोळ' असं लिहिलं की पुढच्या शनिवारी त्याच ओहोळावर चाळीस माणसं टॉर्च घेऊन उभी राहतात, आणि त्यात पाळण्यासाठी कोळी आणि पाली गोळा करणारेही असू शकतात. जिल्ह्याचं नाव पुरेसं आहे.

दुसऱ्या वर्षी दोडामार्गकडे वळा. तिळारी संवर्धन राखीव २०२० मध्ये जाहीर झालं. गोवा-कर्नाटकातून सह्याद्रीत ये-जा करणाऱ्या वाघांच्या वाटेवरचं ते जंगल आहे आणि तिथे वानरमाणूस, म्हणजे स्लेंडर लोरिसही, आढळतो. त्यानंतर आगुंबे, जिथे २००५ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी वर्षावन संशोधन केंद्र उभं केलं. एवढं झाल्यावर बोर्निओचा विचार करा. तिथे डॅनम व्हॅलीचं सुमारे ४३८ चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि पाऊस वर्षभर. तिथेही निदान सहा रात्री एकाच तळावर ठेवा आणि रोज वेगळं ठिकाण दाखवणारी सहल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.